हातानं तोलून घेतलेला बेस

संत्र्याले फूल आलं हे सौंसरात कोणाले सांगा लागत नाही. बस लोधीखेड्याच्या पुढं निघाली का वास खिडकीतून आंगावर येते. बाहेरगावचे लोक खिडकी उघडतात, लंबा श्वास घेतात. मी खिडकी लावतो. परवा बाजूच्या सीटवरची बाई म्हणे, "काहून लावता हो भाऊ, इतका चांगला वास येऊन राहिला!" मी म्हटलं, "बाई, मले सर्दी आहे." नाकातून पाणी वाहूनच राहिलं होतं, तर तिले खोटं नाही वाटलं.

माझी ओळख सांगण्यासारखी नाही, पण सांगतो. चौथी मी दोनदा केली. दुसऱ्यांदा मास्तर म्हणे, "तुले हीच आवडलेली दिसते," अन् मी घरी बसलो. तवापासून संत्र्याचा माल छाटतो. ढीग समोर, तीन खोके बाजूनं, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. अन् जे तिन्हीत बसत नाही ते बारकं संत्रं म्हणजे चुरी. ते रस काढाले जाते, नाही तर पोट्टे फेकून खेळतात. माझी उंची पाहून दादानं लहानपणीच माझं नाव चुरी ठेवलं. खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथंच राहते.

पण एक गोठ मले येते. संत्रं हातात घेतलं, जरासं वर झेललं, का मी सांगतो आत काय आहे. वरून कितीही मोठं, चकचकीत असो, हाताले हलकं लागलं का पोचट. साल फुगलेली, आत फोडी सुकलेल्या. हाताले भारी लागलं का रसाचं. वीस वर्षांत हा हात चुकला नाही. संत्र्यात नाही चुकला, म्हणजे.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. नगरपालिकेत पाण्याचे वॉल खोलायच्या कामावर होता. सकाळी सायकलवर जाऊन ज्या मोहल्ल्याचा वॉल खोलला त्या मोहल्ल्याले पाणी. पाणी आलं तर कोणी त्याचं नाव घेत नव्हतं, नाही आलं तर सारे घेत होते. अन् जयंतीचे दिवस आले, निळे झेंडे लागाले लागले, का तो आमच्या मोहल्ल्याच्या गीतपार्टीत बेस गिटार वाजवे. तिथंही तसंच. गाणारा पुढं, ढोलकवाला त्याच्या बाजूनं, हार्मोनियमवाल्याले तर बसाले गादी. दादा मागं, बेसचा आवाज काढणाऱ्या लाइटवाल्या पेटीच्या कोपऱ्यात, डोळे मिटून. लोक विचारत, "तुमचे दादा काय वाजवतात?" मी म्हणो, "तुमच्या पोटात जे धडधडते ना, ते."

घरी वाजवला का भांडे वाजत. आमच्या घरी भिंतीले लोखंडी मांडणी आहे, तिच्यात वहिनीच्या स्टीलच्या ताटल्या, पेले. बेसचा एक सूर असा होता, जाड तारेपासून दुसऱ्या तारेवरचा, तो लागला का साऱ्या ताटल्या एकदम झिणझिण करत. दादा मुद्दाम तिथंच थांबे, बोट हलवत राहे. मागच्या आंगणातून वहिनी ओरडे, "अहो, माझे भांडे फोडता का आता?" प्रज्ञा, त्याची पोरगी, हासून हासून लोळे. रोजचंच. ज्या दिवशी वहिनी ओरडली नाही त्या दिवशी दादा विचारे, "तब्येत बरी नाही का वं?"

मागच्या साली याच दिवसांत, संत्र्याचं अंबियाचं, म्हणजे थंडी सरता सरता येते ते फूल आलं तवा, दादाच्या जुन्या बेसची मान वाकली. पेच फिरवून पाहिला, उन्हात ठेवून पाहिला, मान काही सरळ होईना. नवा घ्यायचा ठरला. दादा म्हणे, "चुरी, तू बी चाल नागपूरले." मी म्हटलं, "मले त्यातलं काय समजते?" तर म्हणे, "माल तर समजते ना."

त्या दिवशी मी इस्तरीचा शर्ट घातला. माणसाले आपण हुशार आहो असं वाटलं का तो पहिले इस्तरी करते.

दुकानात चार बेस पाहिले. पहिला आठ हजाराचा. दिसाले लाल, नवरीसारखा. दादानं मानेवरून हात फिरवला अन् बोट झटकलं. मानेवर त्या तारेखालच्या लोखंडी पट्ट्या असतात, फ्रेट म्हणतात, त्यांचे कोने घासलेले नव्हते. बोटाले लागत. पेटीले जोडला तर नुसताच गुणगुण करे, तारेले हात लावला का चूप. अन् पट्टा गळ्यात घालून दादानं हात सोडले तर मान सरळ जमिनीकडं. दादा म्हणे, "हे तर तुयावानी आहे, पाहावं तवा खाली मान." दुकानदार हासला. मीही हासलो. खरंच होतं.

दुसरा अठरा हजाराचा, मातकट रंगाचा, मान बारीक. दादानं हात सोडले तर होता तिथंच राहिला. त्यानं चार सूर वाजवले, मंग अजून चार. चेहऱ्यावर काही नाही आलं, पण पायाचा अंगठा चपलेत हलाले लागला. दादाचं चांगलं-वाईट त्या अंगठ्यावर समजे.

तिसरा बी अठराचाच, त्याच भावात. जाड लाकडाचा, काळा, आरशासारखा. चौथा चाळीस हजाराचा, वर टांगलेला, त्याच्या पोटात चौकोनी बॅटरी. दुकानदारानं स्वतःच काढून देला, म्हणे, "लेना मत, बजाके देखो." दादानं पाच मिनिट वाजवला. त्या पाच मिनिटांत मी पहिल्यांदा ऐकलं का माझा भाऊ काय वाजवते. एक एक सूर येगयेगळा, गोल, पुसलेल्या फळासारखा. मंग त्यानं रुमालानं त्या बेसवरचे बोटाचे डाग पुसले अन् दोन्ही हातानं परत देला. असं तो प्रज्ञा झाली तवा तिले नर्सच्या हातात देत होता.

"दुसरा घेऊ," दादा म्हणे.

इथं मले गप बसता आलं असतं. माणसाले गप बसाले पैसे लागत नाहीत, चौथी पास लागत नाही. पण मी इस्तरी करून आलो होतो. मी दुसरा हातात घेतला, जरासा झेलला. हलका. तिसरा झेलला. भारी, चांगलाच भारी. दोघाले टिचकी मारली, वास घेतला. दुकानदार म्हणे, "भैया, संतरा है क्या?" मी म्हटलं, "दादा, दुसरा पोचट आहे. भाव एकच, मंग भारी सोडून हलका कायले घ्या? आत काही तरी कमी आहे म्हणून तर हलका लागते."

दुकानदारानं समजावलं, का भाऊ, लाकडाचं तसं नसते, हलक्यातही चांगलं येते, दोन-तीन तास खांद्यावर घ्यायचं आहे. मी म्हटलं, "मले नका शिकवू. वीस वर्षांपासून हेच करून राहिलो."

दादानं माझ्याकडं पाहिलं. जन्मात पहिल्यांदा मले काही समजते असं मी चार लोकांत बोललो होतो. तो जरासा हासला. "चुरी म्हणते तर भारीच घेऊ." अन् चपलेतला अंगठा थांबला. तो मले दिसला होता. आज सांगतो, दिसला होता.

मंग पंधरा-वीस दिवसांनी दादाचा डावा खांदा दुखाले लागला.

पट्टा डाव्याच खांद्यावर असते. तर कोणाले काही विचारच करा लागला नाही. कारण समोर होतं, काळं, चकचकीत, अन् ते आणणारा मी होतो. मी तर काय, मले दुसऱ्यावर हासता येत नाही, स्वतःवर हासवणं हेच मले येते. रियाजाले गेलो का दारातच दोन्ही कान पकडून उभा राहो, "खांद्याचा गुन्हेगार हजर आहे, साहेब!" ढोलकवाला ढोलकवर थाप मारे. गाणारा म्हणे, "चुरीनं भावाले बेस नाही देला, बैलाचं जू देलं." सारे हासत, दादा सगळ्यात जास्त. म्हणे, "चुरीनं घेतला, चुरीनंच दाबून द्यावा." मंग मी बाम लावून त्याचा खांदा दाबो. रोज. हे माझे बोट, जे सालीवरून सांगतात का आतली फोड सुकली आहे का नाही, ते दीड महिना त्या खांद्यावर फिरले अन् त्यांना काही समजलं नाही.

एकदा मले तो वॉलवरून येताना भेटला. सायकल हातात धरून चालत होता. घामानं शर्ट पाठीले चिकटलेला, अन् ऊन तर इतकं नव्हतं. म्हणे, "चुरी, आता कोपरापर्यंत दुखते बे. डॉक्टरले दाखवून येऊ का?"

मजाक करत नव्हता. आवाजावरून समजत होतं. अन् मी काय म्हटलं?

मी म्हटलं, "डॉक्टरले कायले दाखवतो? दुकानदाराले दाखव, तो बदलून देईन."

तो इतका हासला का सायकल सोडून दिली. खोकला आला. डोळे पुसत म्हणे, "तू एक दिवस मले मारशीन." अन् सायकल उचलून घरी गेला. डॉक्टरची गोठ मंग त्यानं काढली नाही. एकदा मजाक झाली का पुन्हा कोण काढते?

चैतात एका सकाळी आमच्या मोहल्ल्याले पाणी आलं ते बंदच होईना. रोज पाऊण तास येते. त्या दिवशी तास झाला, दीड तास झाला. बाया खुश. ड्रम भरले, हौद भरले, लोकांनी गाड्या धुतल्या, कोणी गोदड्या काढल्या. मी दुसऱ्यांदा आंघोळ केली अन् ओल्या टॉवेलवर दारात उभा राहून साऱ्यांले म्हटलं, "आज माझा भाऊ खुश आहे! आज घ्या भरून!"

तो वॉलच्या खड्ड्यापाशी बसलेला सापडला. पाठ सायकलले टेकलेली. वॉल बंद करायची सळाख मांडीवर.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, "डावा खांदा, हात, असं काही दुखत होतं का आधी?" वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं पाहिलं. पहिल्या बेससारखा.

लोक म्हणतात वेळ गेली का कमी होते. मले नाही माहीत. माझं तर असं झालं का साल फिरून आलं तसं तेही फिरून आलं. झाडाचं पाणी तोडतात, पान सुकाले लागते, वाटते गेलं झाड, अन् मंग पाणी सोडलं का आठ-पंधरा दिवसांत साऱ्या आंगाले फूल. माझं बी सालभर सुकून राहिलं, कामाले गेलो, खोके भरले. अन् यंदा अंबिया फुटला तसं आंगभर फुटलं.

साल होत आलं तरी तो बेस खाटेखाली पडून होता. मांडणी चूप होती. वहिनी ओरडाले विसरली होती. बोलत होती, सैपाक करत होती, मले जेवाले वाढत होती, पण ओरडत नव्हती. मी एकदा मुद्दाम पेला पाडला. तिनं उचलून ठेवला.

या फेब्रुवारीत प्रज्ञानं तो बेस बाहेर काढला. कॉलेजात जाते आता, पांढुर्ण्याले. म्हणे, "काका, यंदा पार्टीत बाबाच्या जागेवर मी." मी म्हटलं, "तुले येते?" म्हणे, "बाबानं शिकवलं होतं थोडं. उरलेलं मोबाइलवर." पट्टा तिच्या खांद्यावर पडला तसा खांदा एका बाजूनं खाली गेला. मले पाहवलं नाही. मी आंगणात जाऊन उगाच झाडू मारला.

अन् आठ दिवसांनी, जेवता जेवता, सहज, ती म्हणे, "काका, डावा खांदा दुखते वो."

माझ्या हातातला घास हातात राहिला. जिभेवर, खरं सांगतो, सवयीनं एक मजाक आलीही होती. लाज नाही माझ्या जिभेले. मी उठलो, हात धुतला. म्हटलं, "चाल."

"कुठं?"

"डॉक्टरकडं."

"काका, जेवण तरी..."

"चाल म्हणतो ना!" मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. ती घाबरून उठली. पांढुर्ण्याची बस लागलीच होती. रस्ताभर दोन्हीकडं फूल, खिडकी मोडलेली, लागत नव्हती. मी नाक दाबून बसलो. ती म्हणे, "काका, तुम्ही रडता का?" मी म्हटलं, "वास येते."

डॉक्टरनं तपासलं. मी म्हटलं, हृदयाची पट्टी काढा. तो म्हणे, "एकोणीस वर्षांची पोरगी आहे." मी म्हटलं, "काढा." काढली. बरोबर होती. मंग त्यानं विचारलं, "काही वजन उचलते का?" प्रज्ञानं सांगितलं. डॉक्टर म्हणे, "मंग त्याच्यानंच दुखते. गिटार भारी आहे, हलकी घ्या."

गिटार भारी आहे. दीड महिना मी जी मजाक विकली होती, ती अखीर कोणाच्या तरी खांद्यावर खरी निघाली. मले हासू आलं अन् ते भलतीकडंच गेलं. असा रडलो का डॉक्टरनं स्वतःची खुर्ची देली, अन् बाहेरचे पेशंट वाकून पाहाले लागले. प्रज्ञा म्हणे, "काका, मी बरी आहो ना, मी बरी आहो." तिले वाटलं मी तिच्यासाठी रडून राहिलो. होतोही. पण तेवढ्यासाठीच नाही.

घरी आलो तर वहिनी दारातच उभी. "काय म्हणे डॉक्टर?"

मी म्हटलं, "म्हणे गिटार भारी आहे."

मी तिथंच ओट्यावर बसलो अन् सांगून टाकलं. सायकलची गोठ, कोपरापर्यंत दुखते म्हणे ते, डॉक्टरले दाखवू का म्हणे ते, अन् मी काय म्हटलं ते. दुकानातला अंगठाही सांगितला. म्हटलं, "वहिनी, त्यानं मले विचारलं होतं. तुमाले नाही, मले. अन् मी हासवून परत पाठवला."

वहिनी पदराचा कोना बोटाले गुंडाळाले लागली.

"ते घरी येऊन मले सांगत होते," ती म्हणे. "चुरी काय म्हणते पाय, म्हणे दुकानदाराले दाखव. सांगता सांगता हासत होते. शर्ट पुरा ओला. मी भाकरी थापत होती." मंग म्हणे, "मी बी हासली होती ना, भाऊजी."

तिनं मले माफ केलं का नाही, मले समजलं नाही. आम्ही दोघं ओट्यावर बसून राहिलो. चहा टाकते म्हणे अन् उठलीच नाही.

मंग प्रज्ञाले अन् काळ्या बेसले घेऊन नागपूरले गेलो. तेच दुकान. इस्तरी नाही केली. दुकानदारानं मले ओळखलं, "अरे, संतरेवाले! बडे भाई नहीं आए?" प्रज्ञानं त्याले हळूच सांगितलं. त्यानं गल्ल्यावरून उठून आम्हाले पाणी देलं. मंग तो काळा बेस पाहून म्हणे, "भाऊ, हा वापस द्या. बदलून देतो."

हेच म्हणे. बदलून देतो. एक साल उशिरा.

मी म्हटलं, "नाही. हा राहू द्या." त्याले काय सांगा का हा आता माझ्याजवळ राहीन. मले वाजवता येत नाही. कधी कधी नुसता खांद्यावर घेऊन उभा राहतो, पाय दुखेपर्यंत.

प्रज्ञानं स्वस्तातला पाहिला, मधल्या भावातले दोन पाहिले, वरचा बॅटरीवालाही हात पुसून पाहिला. एक मधला, मानेनं आखूड, आंगानं बारका, तिनं गळ्यात घातला अन् हात सोडून देले. हलला नाही. "काका, हा कसा आहे? तोलून पाहा ना."

मी हात पाठीमागं बांधले होते. म्हटलं, "माझ्या हाताले विचारू नको." मी खाली पाहिलं. तिच्या चपलेतून अंगठा बाहेर डोकावत होता. हलत होता.

"हाच," मी म्हटलं.

घरी आलो तर दुपार होती. वहिनी मागं आंगणात मिरच्या वाळू घालत होती. प्रज्ञानं बेस पेटीले जोडला. जाड तार वाजवली. भांडे चूप. सगळ्यात बारीक वाजवली, चूप. माझ्या मनात आलं, झालं, हलकाच आहे, पोचटच निघाला. मंग तिचं बोट दुसऱ्या तारेवर गेलं, जरा पुढं सरकलं, थांबलं, अन् मांडणीतल्या साऱ्या ताटल्या एकदम झिणझिण, झिणझिण.

मागच्या आंगणातून आवाज आला, पहिल्यासारखा, फाटका, "अहो, माझे भांडे..."

तिथंच तुटला.

सालभर त्या घरात वहिनीले 'अहो' म्हणाले कोणी नव्हतं. प्रज्ञाचं बोट तारेवर थांबलं. ताटल्या आपल्याच मनानं थोडा वेळ वाजत राहिल्या, मंग एक एक करून गप झाल्या. वहिनी दारात आली. हाताले मिरच्यांचा रंग, तर डोळे पुसता येत नव्हते.

"थांबली काहून?" ती म्हणे. "वाजव."

माझ्या जिभेवर एक मजाक आली होती, चांगली होती. मी ती गिळली, अन् काठावरचा पेला पडू नये म्हणून मांडणीले हात लावून उभा राहिलो.